नव्याण्णव फटक्यांचा हिशेब

२०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिम्पिकमधली अदिती अशोकची शेवटची फेरी बघायला लोक सकाळीच टीव्हीसमोर बसले आणि कितीतरी घरांत गोल्फ पहिल्यांदाच शिरलं. चार फेऱ्यांत मिळून तिचे २६९ फटके झाले, म्हणजे एका फेरीला साधारण ६७. कांस्यपदक एका फटक्याने हुकलं. त्याच ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या स्पर्धेत पुण्याचा उदयन माने खेळला. तेव्हापासून ‘गोल्फमध्ये आकडा जितका लहान तितका चांगला’ एवढं पुष्कळांना माहीत झालं आहे.

म्हणूनच ओळखीतलं कुणी हरखून ‘आज माझे नव्याण्णव झाले!’ असं सांगतं तेव्हा ऐकणारा गोंधळतो. कुठे ६७ आणि कुठे ९९? त्यात आनंद कसला? खेळणाऱ्यांचा प्रश्न वेगळाच असतो. रविवारची फेरी कधी चुकत नाही, सर्वांत लांब मारणारी काठी, ड्रायव्हर, तीही नवी घेतली, तरी आकडा १०३, १०६, १०१ यांच्यातच का घुटमळतो?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच हिशेबात आहे. तो मांडायला बेरीज-वजाबाकी पुरते.

१. शंभर हा आकडा आला कुठून?

गोल्फची पूर्ण फेरी १८ होलची असते. टी नावाच्या सपाट जागेवरून चेंडू मारायला सुरुवात करायची आणि ग्रीनवरच्या, म्हणजे होलच्या शेवटच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरच्या, १०८ मिलिमीटर व्यासाच्या भोकात तो पडेपर्यंत लागलेला प्रत्येक फटका मोजायचा. प्रत्येक होलसाठी फटक्यांची एक अपेक्षित संख्या ठरलेली असते, तिला पार म्हणतात. ग्रीनवर पोचायला लागणारे फटके अधिक ग्रीनवर गेल्यावरचे दोन (ग्रीनवरच्या फटक्याला पट म्हणतात), असा तो धरतात. दीडशे यार्डांचा होल एका फटक्यात गाठता येतो, म्हणून त्याचा पार ३. चारशे यार्डांच्या होलला दोन फटके लागतात, म्हणून पार ४. पाचशे यार्डांना तीन, म्हणून पार ५.

नेहमीच्या कोर्सवर पार ३ चे चार, पार ४ चे दहा आणि पार ५ चे चार होल असतात. १२, ४० आणि २० मिळून ७२. एखाद्या होलवर पारपेक्षा एक फटका जास्त लागला तर बोगी, दोन जास्त लागले तर डबल बोगी, तीन लागले तर ट्रिपल.

आता ९९ मधून ७२ वजा करा. उरतात २७. शंभरच्या आत येणारा खेळाडू अठरा होलांत पारपेक्षा तब्बल २७ फटके जास्त मारू शकतो. प्रत्येक होलवर बोगी केली तर त्यातले १८ संपतात आणि ९ शिल्लक राहतात. म्हणजे नऊ बोगी आणि नऊ डबल बोगी केल्या, एकाही होलवर पार साधला नाही, तरी स्कोअर ९९ होतो.

हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं, कारण बहुतेक हौशी खेळाडू याच्या नेमकं उलट धरून चालतात. शंभरच्या आत यायचं तर पार मिळायला हवेत, असं त्यांना वाटतं आणि पार मिळवण्याच्या धडपडीत त्यांचे सात-आठ होतात.

२. स्वतःचा पार ठरवा

घरखर्चाचा विचार करा. पगार ठरलेला असतो, तो किराणा, भाडं, शाळेची फी यांत आपण आधी वाटून ठेवतो आणि थोडे पैसे अडीअडचणीला राखतो. नव्याण्णव फटके हा आपला पगार. तो अठरा होलांत आधीच वाटून टाकायचा.

ही वाटणी स्कोअरकार्डवरच अर्धी करून दिलेली असते. प्रत्येक होलपुढे स्ट्रोक इंडेक्स नावाचा १ ते १८ मधला एक आकडा छापलेला असतो. कमी तयारीच्या खेळाडूला फटक्यांची सूट देताना ती कुठल्या होलपासून द्यायची याचा तो क्रम. ढोबळमानाने १ म्हणजे सर्वांत अवघड होल आणि १८ म्हणजे सर्वांत सोपा. इंडेक्स १ ते ९ असलेल्या होलवर स्वतःला डबल बोगीची मुभा द्या आणि १० ते १८ वर बोगीची. इंडेक्स ५ चा पार ४ असेल तर तुमचा पार ६. इंडेक्स १६ चा पार ३ असेल तर तुमचा पार ४.

बऱ्याच कार्डांवर विषम इंडेक्स पहिल्या नऊ होलांत आणि सम इंडेक्स नंतरच्या नऊ होलांत असतात. दोन्हीकडे ३६ चा पार असेल तर तुमच्या वाट्याला पहिल्या नऊला ५० आणि नंतरच्या नऊला ४९ येतात. घरून निघण्यापूर्वी हे आकडे पेन्सिलीने कार्डावर लिहून टाका. आता अवघड होलवर सहा झाले तरी काही बिघडलेलं नसतं, सगळं ठरल्याप्रमाणे चाललेलं असतं. मन शांत राहतं आणि पुढचा फटका रागाच्या भरात मारला जात नाही.

३. फटके गळतात कुठे?

शंभरच्या वर अडकलेल्या खेळाडूचं कार्ड नीट पाहिलं तर बहुधा असं दिसतं: दहा-बारा होल बरे, तीन-चार होलांवर आठ, नऊ, दहा. शंभरी त्या तीन-चार होलांवर ठरते. आणि तिथे बहुतेक वेळा दंडाचा फटका सापडतो.

दंडाचे दोन प्रकार नीट ओळखायला हवेत. चेंडू पाण्यात किंवा लाल-पिवळ्या खुणांच्या दंडक्षेत्रात गेला तर एक फटका दंड देऊन त्या जागेजवळून, नियमाप्रमाणे चेंडू टाकून पुढे खेळता येतं. चेंडू हद्दीबाहेर गेला किंवा हरवला तर मात्र एक फटका दंड आणि शिवाय आधीच्याच जागी परत जाऊन मारायचं. तिथे अंतरही हातचं जातं. चेंडू शोधायला २०१९ पासून तीनच मिनिटं मिळतात, पूर्वी पाच मिळत. म्हणून शंका असेल तर पुढे जाण्यापूर्वी ‘प्रोव्हिजनल खेळतोय’ असं स्पष्ट सांगून दुसरा चेंडू मारून ठेवावा. काही क्लबांनी स्थानिक नियमाने हौशी खेळाडूंना आणखी एक वाट दिली आहे: दोन फटके दंड घ्या आणि मागे न जाता चेंडू जिथे हरवला तिथल्या फेअरवेच्या (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) कडेला टाका. तुमच्या क्लबात हा नियम आहे का, ते कार्डाच्या पाठीमागे बघा.

एक उदाहरण. ३८० यार्डांचा पार ४, उजवीकडे हद्दीची भिंत. पहिला खेळाडू ड्रायव्हर काढतो आणि चेंडू भिंतीपार जातो. एक फटका, एक दंड. तिसरा पुन्हा टीवरून, तो झाडांत. दोन खोडांमधली फट बघून तो चौथा मारतो, चेंडू खोडाला लागून तिथेच पडतो. पाचव्याने बाहेर येतो, सहावा ग्रीनच्या अलीकडे, सातवा ग्रीनवर, मग दोन पट. एकूण नऊ.

दुसरा खेळाडू भिंत बघतो आणि हायब्रिडने १६० यार्ड मारतो. दुसरा फटका १४० चा. उरले ८०. वेजने तिसरा ग्रीनवर, दोन पट. एकूण पाच. चार फटक्यांचा फरक पडला आणि त्याच्या एकाही फटक्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नसतील.

यातून एक नियम निघतो: एका होलवर दोन चुका लागोपाठ होऊ द्यायच्या नाहीत. पहिली चूक हातून होते, ती सगळ्यांच्याच होते. दुसरी बहुधा निर्णयातून होते. चेंडू झाडांत गेला तर सर्वांत मोकळी दिशा शोधायची आणि एका फटक्यात फेअरवेवर यायचं, मग ती दिशा आडवी असो की चक्क मागची.

४. लांब मारावं की सरळ?

समजा, तुमचा ७ नंबरचा आयर्न भरवशाने १३० यार्ड जातो. तीन वेळा १३० म्हणजे ३९०. बहुतेक पार ४ होल तुम्ही ड्रायव्हरला हातही न लावता तीन फटक्यांत गाठू शकता. पाचशे यार्डांचा पार ५ चार फटक्यांत, पार ३ दोन फटक्यांत. सगळीकडे ग्रीनवर एक फटका उशिरा पोचलात आणि दोन पट केलेत तर ४, ५ आणि ६ होतात. बेरीज ९०, आणि नऊ फटके अजून गाठीशी.

मग लांब मारण्याला काही किंमतच नाही का? आहे, आणि मोठी आहे. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिक आणि हौशी खेळाडूंच्या असंख्य फटक्यांची मोजदाद केली आणि २०१४ च्या पुस्तकात निष्कर्ष मांडले. चांगला आणि त्याहून कमी खेळाडू यांच्या स्कोअरमधल्या फरकाचा साधारण दोन-तृतीयांश भाग १०० यार्डांपलीकडच्या फटक्यांतून येतो, असं त्यांना आढळलं. ‘सगळा खेळ पटिंगचा’ या जुन्या समजुतीला त्यामुळे मोठाच धक्का बसला.

शंभरच्या उंबरठ्यावरच्या खेळाडूने यातून घ्यायचं ते असं: टीवरचा फटका महत्त्वाचा आहे आणि त्याची पहिली परीक्षा म्हणजे चेंडू खेळात राहिला का. तुमचा ड्रायव्हर दहापैकी सात-आठ वेळा खेळण्याजोग्या जागी पडत असेल तर जरूर वापरा, पुढचा फटका सोपा होतो. तो चार वेळा हद्दीबाहेर जात असेल तर अरुंद होलवर बॅगेतच राहू द्या. टीची निवडही इथेच येते. हौशी खेळाडूने मागच्या टीवरून खेळण्यात मोठेपणा नाही. स्वतःच्या ताकदीला साजेशा पुढच्या टीवरून खेळलं तर ४०० चा होल ३५० चा होतो आणि अठरा होलांत मिळून शेकडो यार्ड वाचतात.

महाराष्ट्रात ऋतूकडेही बघावं लागतं. एप्रिल-मेमध्ये जमीन कडक असते, चेंडू टप्पा घेऊन बराच पळतो, पण पळता पळता झाडांतही शिरतो. जून ते सप्टेंबर चेंबूरचा कोर्स असो की येरवड्याचा, चेंडू पडतो तिथेच बसतो, कधी चिखलात रुततो. होलच्या नेहमीच्या मैदानी भागात चेंडू स्वतःच्याच खड्ड्यात रुतला तर तो दंडाशिवाय उचलून बाहेर टाकता येतो. हा नियम माहीत नसल्यामुळे पावसाळ्यात कितीतरी फटके फुकट जातात.

५. ग्रीनजवळ एकच काम

ग्रीनपासून वीस-तीस यार्डांवर चेंडू आहे. इथे डोळ्यांपुढे झेंड्याजवळ अलगद थांबणारा उंच फटका येतो. तो मारायला सर्वांत अवघड. जरा खालून बसला तर चेंडू जागचा हलत नाही, जरा वरून बसला तर ग्रीन ओलांडून पलीकडे.

मध्ये बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, नसेल तर ८ किंवा ९ नंबरचा आयर्न घ्या, पटरसारखा छोटा हात फिरवा, चेंडू थोडा उचला आणि बाकी अंतर पळू द्या. गवत बारीक असेल तर ग्रीनच्या बाहेरूनही पटरच वापरा. झेंडा कडेला असला तरी नेम ग्रीनच्या मध्यावर. तुमचे सगळे फटके नेमल्या जागी पडत नाहीत, ते आजूबाजूला विखुरतात. त्या विखुरण्याचा मध्य ग्रीनच्या मध्यावर ठेवला तर बहुतेक चेंडू ग्रीनवरच राहतात.

बंकरमध्येही काम एकच: एका फटक्यात बाहेर. जीन सॅराझनने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला सँड वेजला आजचं रूप दिलं. त्याच्या तळाला जाडसर फुगवटा असतो, तो वाळूत खोल न रुतता सरकतो. म्हणून चेंडूच्या दीड-दोन इंच मागे वाळूत मारायचं, हात मध्येच थांबवायचा नाही. वाळूच चेंडूला उचलून नेते. चेंडू बंकरच्या उभ्या कडेखाली अडकला असेल तर दोन फटके दंड घेऊन तो बंकरच्या बाहेर, भोक आणि चेंडू यांच्या रेषेत मागे टाकता येतो. आत चार वेळा वाळू उडवण्यापेक्षा हे पुष्कळ स्वस्त.

६. तीन पटचं मूळ पहिल्या पटमध्ये

अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे व्यावसायिक आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट भोकात घालतात आणि वीस फुटांवरून सातांतला जेमतेम एक. जगातल्या उत्तम खेळाडूंची ही गत असेल तर आपला सहा फुटांचा पट हुकला म्हणून कपाळाला हात लावण्याचं कारण नाही.

हौशी खेळाडूचं नुकसान लांबच्या पहिल्या पटमध्ये होतं. पस्तीस फुटांवरून दिशा फूटभर चुकली तर दुसरा पट फूटभराचा राहतो. जोर चुकला तर चेंडू आठ फूट अलीकडे राहतो किंवा आठ फूट पलीकडे जातो, आणि मग तीन पट होतात. म्हणून लांबच्या पटमध्ये आधी अंतर, मग दिशा. फेरीआधी दहा मिनिटं सरावाच्या ग्रीनवर जा आणि भोकाकडे न बघता वीस, तीस, चाळीस फुटांवरून नुसतं अंतर जुळवा. त्या दिवशी ग्रीन किती वेगाचं आहे, ते हाताला कळतं.

आपल्याकडच्या बऱ्याच ग्रीनवर बर्म्युडा जातीचं गवत असतं. त्याची पाती एका बाजूला झुकतात. त्या दिशेने चेंडू जास्त पळतो, उलट दिशेने लवकर थांबतो. हे जाणणारं माणूस तुमच्या शेजारीच असतं: कॅडी. तो त्याच ग्रीनवर वर्षानुवर्षं चेंडू पळताना बघत आला आहे. दुसऱ्या खेळाडूचा सल्ला मागितला तर नियमाप्रमाणे दंड बसतो, स्वतःच्या कॅडीला मात्र सगळं विचारता येतं. ‘दादा, किती वळेल?’ असं विचारा आणि तो सांगेल ते मनापासून ऐका.

७. सराव कसला आणि नोंद कशाची?

रेंजवर पन्नास चेंडू एकाच आयर्नने एकाच दिशेला मारले की शेवटचे वीस झकास जातात. दुसऱ्या दिवशी कोर्सवर त्यातलं काही उरत नाही. याचं कारण शिकण्याच्या प्रक्रियेत आहे. १९७९ मध्ये शी आणि मॉर्गन या संशोधकांनी हातांच्या हालचालींवर एक प्रयोग केला. एकच हालचाल सलग करणारे लवकर तरबेज झाले, पण हालचाली आलटून पालटून करणाऱ्यांच्या त्या जास्त टिकल्या. कोर्सवर प्रत्येक फटका वेगळा असतो, म्हणून सरावही तसाच हवा. आधी ड्रायव्हर, मग ७ नंबर, मग वेज. प्रत्येक चेंडूला नवा नेम, प्रत्येक चेंडूआधी मागे सरून पुन्हा उभं राहायचं. मनातल्या मनात आपल्या कोर्सचे होल खेळा.

आणि नोंद ठेवा. कार्डावर चार गोष्टी पुरतात: दंडाचे फटके किती, टीवरून चेंडू खेळात राहिला का, ग्रीनजवळ आल्यावर ग्रीनवर जायला एकाहून जास्त फटके कुठे लागले, आणि तीन पट कितीदा झाले. पाच-सहा फेऱ्यांत गळती कुठली ते दिसू लागतं. कुणाचे दंडात सात जातात, कुणाचे पटिंगमध्ये. ज्याचा दंड मोठा आहे त्याला पटर बदलून काहीही साधणार नाही.

८. शेवटचे तीन होल

पंधरा होल झाले, ८२ फटके. उरलेले १७ मनात घोळू लागतात आणि हात आखडतो. या घडीला बेरीज सांभाळत बसू नका. तुमचा पार आधीच लिहिलेला आहे, फक्त समोरच्या होलचा आकडा बघा. प्रत्येक फटक्याआधी एकच ठरलेला क्रम ठेवा: मागे उभं राहून नेम, एक मोकळा स्विंग, एक श्वास, फटका. छाती धडधडली तरी शरीराला ओळखीचं काम मिळालेलं असतं.

सतराव्याला पाणी असेल तर ते ओलांडायच्या ईर्षेला बळी पडू नका. अलीकडे थांबायला एक फटका जास्त लागतो, पाण्यात गेलं तर दोन-तीन.

९. ९९ नंतर

शंभरच्या आत आलेला पहिला स्कोअर खरा असायला हवा. हुकलेला पहिला फटका पुन्हा मारून घेणं, दोन फुटांचा पट न खेळता सोडून देणं, रफमध्ये चेंडू बुटाने हळूच सरकवणं, या सवलती मित्रांच्या फेरीत सर्रास चालतात. त्या मोजल्या तर ९९ बरेचदा १०५ निघतात. ज्याने प्रत्येक चेंडू भोकात घातला आणि दंडाचा प्रत्येक फटका लिहिला त्याचं ९९ हे त्याचं स्वतःचं मोजमाप असतं. त्याची पुढची सगळी प्रगती त्याच पायावर उभी राहते.

सगळी ९९ सारखीही नसतात. २०२० पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत, म्हणजे खेळाडूला किती फटक्यांची सूट द्यायची ते ठरवण्याची रीत, लागू होऊ लागली. तिच्यात कोर्सचे दोन आकडे धरतात. कोर्स रेटिंग म्हणजे निष्णात हौशी खेळाडूला तिथे किती फटके लागावेत. स्लोप म्हणजे सामान्य खेळाडूला तो कोर्स त्या मानाने किती जास्त जड जातो. तो ५५ ते १५५ मध्ये असतो आणि प्रमाण ११३ धरतात. स्कोअरमधून रेटिंग वजा करायचं, ११३ ने गुणायचं आणि स्लोपने भागायचं. रेटिंग ६९.५ आणि स्लोप ११३ असलेल्या सोप्या कोर्सवर ९९ चं मूल्य निघतं २९.५. रेटिंग ७३ आणि स्लोप १३५ असलेल्या अवघड कोर्सवर ते येतं २१.८. आकडा लहान तितका खेळ सरस, म्हणून दुसरं ९९ पहिल्यापेक्षा कितीतरी मोलाचं. शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सर्वोत्तम ८ मूल्यांची सरासरी म्हणजे तुमचा हँडिकॅप इंडेक्स. एखाद्या होलवर फारच फटके गेले तर या मोजणीपुरती त्यावर मर्यादाही घालतात, म्हणजे एका होलने सगळी फेरी नासत नाही.

पुढचा टप्पा ९०, म्हणजे अठराही होलांवर बोगी. तेव्हा डबलची मुभा काढून घ्यायची आणि कार्डावर नवे आकडे लिहायचे. दंड जवळजवळ शून्यावर आणावा लागेल, दीडशे यार्डांवरून ग्रीन अधूनमधून गाठावं लागेल. ८० साठी स्विंगवर शिक्षकाच्या हाताखाली खरी मेहनत लागते, त्याला बरीच वर्षं द्यावी लागतात. पण ९९ साठी लागतं ते सगळं जवळपास आजच तुमच्यापाशी आहे: भरवशाने १३० यार्ड जाणारा एक आयर्न, अंतर जुळवणारा पटर, आडव्या दिशेला चेंडू काढण्याचा समंजसपणा आणि प्रत्येक फटका लिहिणारी पेन्सिल. पुढच्या रविवारी पहिल्या टीवर जाण्याआधी कार्डावर आपले अठरा आकडे लिहा आणि तेवढ्यात खेळा.